कमी खर्चात व्हिडिओ गेमचा छंद : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

व्हिडिओ गेम हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे, आणि प्लेस्टेशन ५ वरच्या नव्या मोठ्या गेमची पाच हजारांच्या घरातली किंमत पाहिली की ती खरीही वाटू लागते. ही किंमत मात्र पहिल्या दिवसाची असते. तोच गेम दोन-तीन वर्षांनी बहुतेक वेळा निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळू लागतो. मधल्या काळात त्यातले दोष दुरुस्त झालेले असतात, मागाहून आलेले जादा भाग अनेकदा त्याच खरेदीत समाविष्ट झालेले असतात, आणि तो घ्यावा की नाही हे सांगणारी हजारो खेळाडूंची मतेही जमा झालेली असतात. 'सायबरपंक २०७७' हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यात इतक्या त्रुटी होत्या की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची २.० ही सुधारित आवृत्ती आली आणि तोच गेम लोकांनी मनापासून वाखाणला. तोपर्यंत थांबलेल्या खेळाडूंना चांगला गेम कमी पैशांत मिळाला. या लेखाचा सगळा भर अशा उशिरा खेळण्यावर आहे. जे सांगितले आहे ते प्रामुख्याने कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपवर खेळणाऱ्यांसाठी आहे, कारण स्वस्त गेम तिथे सर्वांत जास्त आहेत. कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांसाठी, पुढे वेगळा भाग दिला आहे.

आधी हातातले यंत्र ओळखा

नवा कॉम्प्युटर घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. घरात जो लॅपटॉप आहे तो काय चालवू शकतो, हे पाहणे ही पहिली पायरी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात गेले की प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची नावे आणि आकडे एकाच ठिकाणी दिसतात. ते कागदावर उतरवून ठेवावेत. ऑनलाइन दुकानातल्या प्रत्येक गेमच्या पानावर खाली 'किमान' आणि 'शिफारस केलेली' अशा दोन गरजा दिलेल्या असतात. तुमचे यंत्र फक्त किमान गरज भागवत असेल, तर गेम सुरू होईल, पण चित्र अडखळण्याची शक्यता राहते. म्हणून नवख्याने शिफारशीच्या रकान्याशी तुलना करावी.

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपधारकांनी निराश होण्याचे कारण नाही. 'स्टार्ड्यू व्हॅली' हा शेतीवाडीचा गेम २ जीबी रॅमवरही चालतो. 'पोर्टल २', 'सेलेस्टे', 'टेरारिया' यांसारखे गेमही साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात, आणि हे गेम आपापल्या प्रकारात सर्वोत्तम मानले जातात. कार्डाअभावी तुम्हाला दुय्यम दर्जाचे काहीतरी खेळावे लागेल, असे मुळीच नाही.

पहिले काही महिने फुकट खेळा

पैसे खर्च करण्याआधी स्वतःची आवड कळणे आवश्यक आहे. कोणाला कोडी आवडतात, कोणाला शहरे वसवणे, कोणाला गोष्ट, कोणाला चढाओढ. आणि हे खेळल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी फुकट आणि पूर्णपणे कायदेशीर असे पुष्कळ काही उपलब्ध आहे.

यातले पहिले ठिकाण म्हणजे एपिक गेम्स स्टोअर. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानात दर आठवड्याला किमान एक गेम फुकट दिला जातो आणि दर गुरुवारी तो बदलतो. आपल्या घड्याळाप्रमाणे हा बदल उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला होतो, कारण अमेरिकेतले घड्याळ त्या काळात एक तास मागे-पुढे केले जाते. गेम त्या आठवड्यात खात्यावर घेतला की तो कायमचा तुमचा. त्याच वेळी डाउनलोड करण्याची गरज नसते. मे २०२० मध्ये 'जीटीए ५' असाच फुकट दिला गेला होता. डिसेंबरअखेरीस तर काही दिवस रोज एक गेम मिळतो. ज्यांच्याकडे अजून कॉम्प्युटरच नाही, त्यांनीही खाते उघडून दर आठवड्याचा गेम घेत राहावे, म्हणजे यंत्र येईल तेव्हा संग्रह तयार असेल.

दुसरे ठिकाण मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला असतो अशा, गेमचे. जुन्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स'वर आधारलेला 'ओपनटीटीडी' रेल्वे, बस आणि जहाजांचे जाळे उभारायला देतो आणि बऱ्याच जुन्या यंत्रावरही चालतो. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा षट्कोनी घरांवर आळीपाळीने खेळायचा युद्धाचा गेम आहे. '० ए. डी.' हा प्राचीन साम्राज्यांचा गेम असून त्यात मौर्यांचे राज्य हत्तीदळासह खेळता येते. लहानपणी सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेल्या माणसाला तो लगेच आपलासा वाटेल. या तिन्ही गेममध्ये जाहिराती नाहीत आणि आत काही विकतही नाहीत.

तिसरा मार्ग डेमोंचा, म्हणजे गेमच्या छोट्या नमुन्यांचा. स्टीम या दुकानात वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, 'नेक्स्ट फेस्ट' भरतो आणि त्या आठवड्यात येऊ घातलेल्या शेकडो गेमचे डेमो फुकट खेळता येतात. आपली आवड तपासण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

फुकट म्हणवणाऱ्या पण आत सतत काहीतरी विकणाऱ्या गेमविषयी मात्र सावध राहावे. 'व्हॅलोरंट', 'डोटा २' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' खेळायला पैसे लागत नाहीत आणि एक पैसाही न देता ते वर्षानुवर्षे खेळता येतात, हे खरे; पण त्यांचे उत्पन्न पोशाख, बंदुकांची रंगसजावट आणि हंगामी पास यांच्यावर चालते. ज्याला थोडे-थोडे करत खर्च वाढवण्याची सवय आहे, त्याला असा फुकटचा गेम विकतच्या दहा गेमपेक्षा महाग पडतो. अशा गेममध्ये कार्डाची माहिती साठवून ठेवू नये, हा साधा उपाय परिणामकारक आहे.

स्टीमचे खाते आणि इच्छायादी

आवड कळल्यावर खरेदीचे मुख्य ठिकाण बहुधा स्टीमच असेल. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या या दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून भारतीयांना किमती रुपयांत दिसतात, आणि आता यूपीआयनेही पैसे भरता येतात. खाते उघडताच मोबाइलवरचे स्टीम गार्ड (लॉगिनच्या वेळी मोबाइलवर खात्री करून घेणारी सोय) सुरू करावे आणि पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा, कारण काही वर्षांत या खात्यात हजारो रुपयांचे गेम जमा होतात आणि चोरांची नजर अशाच खात्यांवर असते.

आता खरेदीकडे न वळता यादीकडे वळावे. जो गेम आवडेलसा वाटतो तो इच्छायादीत (विशलिस्टमध्ये) टाकायचा आणि पान बंद करायचे. त्यावर सवलत आली की स्टीम स्वतः ईमेल पाठवते, त्यामुळे दुकानात रोज फेरी मारण्याची गरज उरत नाही, आणि दुकानात न जाणे हीच निम्मी बचत असते. महिन्यातून एकदा यादी वरून खाली वाचावी. ज्या गेमचे नाव पाहून आता काहीच वाटत नाही, तो काढून टाकावा. यादीत टाकलेल्या गेमपैकी बरेचसे अशा रीतीने न विकत घेताच गळून पडतात.

किमतीचा इतिहास कसा वाचावा

सवलतीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. साठ टक्के सूट मोठी वाटते, पण तो गेम वर्षभरात तीनदा पंच्याहत्तर टक्क्यांनी उतरला असेल, तर आजची साठ टक्के सूट म्हणजे महाग खरेदी ठरते. हे कळण्यासाठी किमतीचा इतिहास पाहण्याची सवय लावून घ्यावी. 'स्टीमडीबी' या ठिकाणी प्रत्येक गेमची भारतातली आतापर्यंतची सर्वांत कमी किंमत आणि तिचा आलेख दिसतो. 'इज देअर एनी डील' या ठिकाणी अनेक अधिकृत दुकानांची तुलना एकत्र मिळते, आणि देश म्हणून भारत निवडला की आपल्या कामाचे आकडे समोर येतात.

आलेखाचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात मूळ किंमत वर सरळ रेषेत असते आणि दर सेलला रेषा थोडी अधिक खोल उतरते : प्रथम वीस टक्के, मग तेहेतीस, मग पन्नास. असा गेम अजून उतरणार हे उघड दिसते. घाई नसेल तर थांबावे. दुसऱ्या प्रकारात रेषा दर सेलला त्याच तळाला टेकून परत वर जाते. हा तळ म्हणजेच गेमची खरी किंमत समजावी आणि पुढच्या वेळी ती आली की निःशंक घ्यावा, कारण त्याहून खाली जाण्याची वाट पाहण्यात वर्षे जातात. तिसरा प्रकार दुर्मीळ आहे : रेषा कधी उतरतच नाही. कारखाने उभारण्याचा 'फॅक्टोरियो' हा त्यातला प्रसिद्ध गेम. आपण कधीच सवलत देणार नाही, असे त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केलेले आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये तर त्यांनी किंमत वाढवली. अशा गेमसाठी थांबणे व्यर्थ असते. त्याचा फुकट डेमो खेळावा आणि आवडला तर पूर्ण किमतीत घ्यावा. माझ्या मते तो त्या किमतीला पुरेपूर उतरतो.

स्टीमचे मोठे सेल वर्षातून चार वेळा येतात. उन्हाळी सेल जूनअखेरीस सुरू होऊन जुलैत संपतो, हिवाळी सेल डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, वसंतातला मार्चमध्ये असतो आणि शरद ऋतूतला वर्षाच्या उत्तरार्धात येतो. तारखा स्टीम स्वतः आधी जाहीर करते. यातली एक गोष्ट नवख्यांना सहसा ठाऊक नसते : पूर्वी सेलच्या काळात काही तासांपुरत्या विशेष सवलती असत, त्या २०१५ च्या अखेरीपासून बंद झाल्या, आणि आता पहिल्या दिवशीची किंमत शेवटच्या दिवशीही तीच राहते. त्यामुळे पहिल्या रात्री गर्दीत घुसण्याऐवजी डेमो खेळावेत, मते वाचावीत, आणि सेल संपायच्या आदल्या दिवशी शांतपणे दोन गेम घ्यावेत. दोनच, कारण पुढचा मोठा सेल दोन-तीन महिन्यांवर आहे आणि तेवढ्या काळात त्याहून जास्त गेम नोकरी-शिक्षण सांभाळून पूर्ण होत नाहीत.

जुन्या मोठ्या गेमच्या बाबतीत 'संपूर्ण आवृत्ती' आहे का, हे आवर्जून पाहावे. २०१५ चा 'विचर ३' हा गेम आणि त्याचे दोन मोठे जादा भाग एकत्र असलेली आवृत्ती सेलमध्ये मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शापर्यंत उतरते. नुसता मूळ गेम घेऊन पुढे ते भाग सुटे घेतले तर विनाकारण जास्त पैसे जातात.

परताव्याची सोय नीट वापरा

स्टीमवर जून २०१५ पासून रिफंडची स्पष्ट तरतूद आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि एकूण खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल, तर कोणतेही कारण देऊन पैसे परत मागता येतात. ते वॉलेटमध्ये किंवा मूळ मार्गाने परत येतात. अनेकांना ही सोय माहीत असते, पण ते दोन तास कसे वापरावेत याचा विचार केलेला नसतो.

गेम डाउनलोड झाल्यावर निवांत वेळ असेल तेव्हाच तो पहिल्यांदा सुरू करावा, कारण गेम नुसता उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो. पहिल्या दहा मिनिटांत सेटिंग्ज पाहाव्यात : चित्र अडखळते का, अक्षरे लॅपटॉपच्या पडद्यावर वाचता येण्याइतकी मोठी होतात का, कळा आपल्या सोयीने बदलता येतात का. मग प्रास्ताविक दृश्ये शक्यतो ओलांडून प्रत्यक्ष खेळाला लागावे. साधारण दीड तास झाला की थांबून लायब्ररीत नोंदलेला वेळ पाहावा आणि निर्णय घ्यावा. उद्या पुन्हा खेळावेसे वाटते आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर नाही असेल, तर संकोच न करता पैसे परत मागावेत. ही सोय त्याचसाठी आहे. काही गेम महागड्या आवृत्तीच्या ग्राहकांना ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधी खेळायला देतात. तो वेळही आता या दोन तासांत धरला जातो, हे लक्षात असू द्यावे.

सगळीकडे नियम सारखे नसतात. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात ३० दिवसांच्या आत परतावा मागता येतो. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात मात्र एकदा डाउनलोड सुरू केले की सहसा परतावा मिळत नाही, आणि नवखे लोक नेमके तिथेच फसतात.

इतर चांगली दुकाने

जीओजी हे पोलंडमधले दुकान २००८ मध्ये जुन्या गेमसाठी सुरू झाले. तिथला गेम कोणत्याही कुलपाविना मिळतो, म्हणजे त्याची इन्स्टॉल करायची फाइल उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे इंटरनेट नसतानाही तो बसवता येतो. स्टीमवर आपण गेम वापरण्याचा परवाना घेत असतो. तोच गेम दोन्हीकडे सारख्या किमतीत असेल, तर मी जीओजीला झुकते माप देतो.

'इच' हे छोट्या निर्मात्यांचे हक्काचे ठिकाण आहे. तिथल्या असंख्य गेमना 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' अशी किंमत असते. 'सेलेस्टे' या गाजलेल्या गेमचे चार दिवसांत बनवलेले मूळ छोटे रूप तिथे ब्राउझरमध्येच फुकट खेळता येते. विकतचा गेम आपल्याला झेपेल का, हे त्यावरून अर्ध्या तासात कळते. जून २०२० मध्ये या ठिकाणी वांशिक न्यायासाठी निधी जमवणारा अनेक गेमचा एक गठ्ठा किमान ५ डॉलरला दिला गेला. त्यात १,७०० हून अधिक वस्तू होत्या आणि 'सेलेस्टे'ही होता. 'हंबल बंडल' २०१० पासून असेच गठ्ठे विकते आणि त्यातला काही वाटा धर्मादाय संस्थांना जातो. गठ्ठ्यातले निदान दोन गेम तुमच्या इच्छायादीत असतील तरच तो घ्यावा, आणि त्यातली 'की', म्हणजे गेम खात्यावर घेण्याचा कोड, भारतात चालते का, हे पैसे देण्याआधी त्याच पानावर तपासावे.

डॉलरमध्ये पैसे भरताना दोन गोष्टी आड येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते सुरू करावे लागतात आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करणे इष्ट. शिवाय बहुतेक बँका चलन बदलाचे दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. सवलतीतला फरक थोडाच असेल, तर रुपयांत घेतलेलाच गेम स्वस्त पडतो.

ज्या वाटेने जाऊ नये

फारच स्वस्त 'की' विकणारी काही संकेतस्थळे आहेत, जिथे निरनिराळे अनोळखी विक्रेते आपापला माल ठेवतात. अशा 'की' कधी चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात, कधी दुसऱ्या देशापुरत्या असतात, आणि तक्रार झाली की तुमच्या खात्यातून गेम काढून घेतला जातो. 'इज देअर एनी डील' केवळ अधिकृत विक्रेते दाखवते. तिथे नाव नसलेल्या दुकानापासून दूर राहावे.

आपल्याकडे समाजमाध्यमांवर आणखी एक प्रकार सर्रास चालतो : दोन हजारांचा गेम दोनशे रुपयांत देऊ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात एका सामाईक खात्याचा पासवर्ड देतो. तोच पासवर्ड त्याने इतर अनेकांना विकलेला असतो. खाते त्याच्या नावावर राहते, दुकानाच्या अटींचा भंग होतो, आणि एक दिवस पासवर्ड बदलला की दाद मागायला जागा नसते. चोरीच्या प्रतींसोबत व्हायरस येतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ज्या छंदात दर गुरुवारी फुकट गेम मिळतो, तिथे दोन-तीन माणसांनी वर्षानुवर्षे राबून केलेला चारशे-पाचशे रुपयांचा गेम चोरून खेळू नये, असे मला मनापासून वाटते. 'स्टार्ड्यू व्हॅली' एरिक बरोन या एकाच माणसाने बनवला, २०१६ मध्ये आणला, आणि त्यानंतर २०२४ पर्यंत त्यात मोठी भर घालत राहिला, तीही जुन्या ग्राहकांकडून एक रुपया न घेता.

व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असे भासवणारी सोय) लावून दुसऱ्या देशाच्या किमतीत खरेदी करणे हेही नियमांविरुद्ध असून त्यामुळे खात्यावर निर्बंध येऊ शकतात. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी इच्छायादीतले हवे ते गेम भारतात असतानाच घ्यावेत. घेतलेले गेम खात्यासोबत जातात, पण तिकडे गेल्यावर खरेदी तिथल्या चलनात होते. इथून अमेरिकेतल्या भावंडाला गेम भेट पाठवण्याचा प्रयत्न केला, तर दोन देशांतल्या किमतींत मोठी तफावत असताना स्टीम तो अडवते.

एकाच घरातल्या माणसांसाठी मात्र स्टीमने २०२४ मध्ये कुटुंबाची सोय पक्की केली आहे. सहा जणांपर्यंत आपले गेम एकत्र ठेवता येतात आणि एकाच वेळी दोघे वेगवेगळे गेम खेळू शकतात. तोच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल, तर दोन प्रती लागतात. कोणाला सामील करायचे हे विचारपूर्वक ठरवावे, कारण बाहेर पडलेल्या प्रौढाला दुसऱ्या कुटुंबात जाण्यासाठी आधीच्या कुटुंबात सामील झाल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, आणि कोणी उसन्या गेममध्ये लबाडी केली तर बंदी मूळ मालकावरही येते.

कन्सोल असेल तर डिस्क

कन्सोलवरच्या बचतीचे गणित वेगळे आहे, कारण तिथे डिस्क पुन्हा विकता येते. समजा, पंधराशेला घेतलेली वापरलेली डिस्क तुम्ही महिनाभरात संपवून बाराशेला विकली, तर गेम तीनशे रुपयांत झाला. म्हणून कन्सोल निवडतानाच डिस्क ड्राइव्ह आहे याची खात्री करावी. प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सीरिज एस या दोन्ही सुरुवातीला स्वस्त दिसतात, पण त्यांच्यात ड्राइव्ह नसतो; प्लेस्टेशन ५ च्या २०२३ नंतरच्या डिजिटल आवृत्तीला तो वेगळा विकत घेऊन जोडता येतो, एरवी वापरलेल्या डिस्कचा सगळा बाजार त्यांच्या मालकांना बंद राहतो. प्लेस्टेशन ४ च्या जवळपास सर्व डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर चालतात, त्यामुळे जुना साठा वाया जात नाही.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड ही या मालाची जुनी ओळखीची बाजारपेठ. इतर शहरांत गेमची छोटी दुकाने आणि ओळखीच्या मंडळींमधली देवाणघेवाण हेच मार्ग. डिस्क हातात आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून ती तिरकी धरावी आणि हळूहळू फिरवावी. मध्यापासून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे फारसे त्रास देत नाहीत. डिस्कच्या गोलाईने जाणारा ओरखडा मात्र वाईट, कारण तो माहितीच्या रेषेवरूनच लांबवर जातो. ब्लू-रे डिस्कवर माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून 'घासून पॉलिश करून देतो' या आश्वासनावर भिस्त ठेवू नये. मधल्या छिद्राभोवती केसासारखी चीर आहे का, हेही पाहावे. वेष्टनावरचा विभाग क्रमांक वाचावा : प्लेस्टेशनची डिस्क कोणत्याही विभागाची चालते, पण जादा भाग त्याच विभागाच्या दुकानातून घ्यावे लागतात. आतल्या कागदावरचे कोड आधीच वापरलेले असतात असेच गृहीत धरावे. कॉम्प्युटरच्या गेमची वापरलेली डीव्हीडी घेऊ नये. तिचा कोड एका खात्याला जोडलेला असतो आणि उरते ती निव्वळ चकती.

निन्टेन्डोचा स्विच भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. तो आयात केलेलाच घ्यावा लागतो आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमच्या किमती क्वचितच खाली येतात, म्हणून कमी खर्च हे उद्दिष्ट असलेल्याने सुरुवात त्यापासून करू नये.

मासिक वर्गणी

एक्सबॉक्स गेम पाससारख्या योजनांत ठरावीक रक्कम भरून शेकडो गेम खेळता येतात. सुट्टीत एक-दोन महिने भरपूर खेळायचे असेल, तर हा उत्तम सौदा आहे. वर्षभर चालू ठेवून महिन्याला चार तास खेळणाऱ्यासाठी तो तोट्याचा आहे. वर्गणी भरली त्याच दिवशी आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे. भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो.

पहिली खरेदी कोणती

मला कोणी विचारले, तर 'पोर्टल' आणि 'पोर्टल २' हे दोन गेम मी सर्वांत आधी सुचवतो. २००७ आणि २०११ चे हे कोड्यांचे गेम सेलमध्ये नव्वद टक्क्यांपर्यंत उतरतात, तेव्हा प्रत्येकी शंभर रुपयांच्या आत मिळतात. ते खेळायला शिकवतात ते एकही लांब सूचना न वाचायला लावता, आणि माऊस-कीबोर्डने त्रिमितीत वावरण्याची सवय त्यातून आपोआप होते. त्यानंतर 'राजी : अॅन एन्शंट एपिक' पाहावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये तो आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजीची ही गोष्ट आहे, तिची कथादृश्ये छायाबाहुल्यांच्या खेळासारखी मांडलेली आहेत, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत. पाच-सहा तासांत तो पूर्ण होतो, आणि पहिल्याच वर्षी एखादा गेम शेवटपर्यंत नेल्याचे समाधान नवख्याला मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते. किती वेळ लागेल याचा अंदाज 'हाऊ लाँग टू बीट' या ठिकाणी आधीच पाहता येतो. शंभर तासांचा गेम स्वस्त मिळतो म्हणून पहिल्याच फेरीत घेऊ नये.

डाउनलोड आणि जागा

आजचे मोठे गेम शंभर जीबीच्याही पुढे जातात, त्यामुळे नेटची मर्यादा संपवून वर जादा पैसे भरावे लागले तर सवलतीचा लाभ तिथेच बुडतो. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची वेळ रात्रीची ठरवता येते आणि वेगावर मर्यादाही घालता येते, म्हणजे घरातल्या इतरांचे काम अडत नाही. २०२३ पासून स्टीममध्ये आणखी एक सोय आली आहे : एकाच वाय-फायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच गेम आधीच असेल, तर तो इंटरनेटवरून न येता थेट त्या कॉम्प्युटरवरून येतो. वसतिगृहात किंवा एकत्र राहणाऱ्या मित्रांमध्ये एकाने गेम उतरवला की बाकीच्यांचा डेटा वाचतो. मात्र प्रत्येकाने तो गेम आपल्या खात्यावर घेतलेला असावा लागतो, आणि दोन्ही कॉम्प्युटरांवर स्टीम सुरू असावे लागते. पूर्ण झालेला गेम काढून टाकायला कचरू नये. तो खात्यावर राहतोच, आणि ज्या गेममध्ये क्लाउड सेव्हची (प्रगती इंटरनेटवर साठवली जाण्याची) खूण आहे त्यांची प्रगतीही जपली जाते. ती खूण नसेल, तर सेव्हचे फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि मगच गेम काढावा.